८,००० फुटांवरचा श्वास

प्रवासी विमान ३५ ते ४० हजार फुटांवरून उडतं. आत बसलेल्या माणसाची फुप्फुसं मात्र त्या उंचीवर नसतात, आणि जमिनीवरही नसतात. केबिनमध्ये दाब देऊन हवा भरलेली असते, पण तिचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवत नाहीत. तसा ठेवायचा तर विमानाचा सांगाडा फार जड करावा लागेल. नियम असा आहे, की नेहमीच्या उड्डाणात केबिनमधला दाब ८,००० फुटांवरच्या, म्हणजे सुमारे २,४४० मीटर उंचीवरच्या हवेच्या दाबाखाली जाता कामा नये. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई आहे १,६४६ मीटरचं. मुंबईहून दिल्लीला निघालेला प्रवासी अर्ध्या तासाच्या आत, खुर्चीतून न हलता, कळसूबाईच्या पुष्कळ वर जाऊन बसलेला असू शकतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत ही उंची ६,००० फुटांच्या आसपास राखता येते. तीही कळसूबाईच्या माथ्याहून जास्तच.

धडधाकट माणसाला याचा पत्ता लागत नाही. थोडी सुस्ती येते, फार तर डोकं जड होतं. पण ज्याला घरातल्या घरात न्हाणीघरापर्यंत गेलं तरी धाप लागते, ज्याच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र चालू असतं, त्याच्यासाठी हा चढ खरोखरचा चढ असतो.

उंचीवर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं आपण सर्रास म्हणतो. प्रमाण बदलत नाही, ते २१ टक्केच राहतं. कमी होतो तो दाब. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो, तर ८,००० फुटांवर साधारण ५६५. ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात शिरतो तो दाबाच्या जोरावर, त्यामुळे तो जोरच कमी पडतो. समुद्रकिनारी बसून २१ ऐवजी १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेतली तर जे होईल, तेच केबिनमध्ये होतं.

ही घट प्रत्येकाला सारखी का सोसत नाही, याचं उत्तर हिमोग्लोबिनच्या स्वभावात आहे. रक्तातला ऑक्सिजनचा दाब आणि हिमोग्लोबिनने धरून ठेवलेला ऑक्सिजन यांचा आलेख सरळ रेषेत जात नाही. तो सह्याद्रीसारखा आहे, वर लांबलचक पठार आणि मग एकदम कडा. निरोगी माणूस पठाराच्या आतल्या बाजूला असतो. दाब बराच उतरला तरी त्याचं सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनचं शेकडा प्रमाण, ९७-९८ वरून ९०-९३ पर्यंत येतं आणि तिथे थांबतं. ज्याचं सॅच्युरेशन घरी बसल्या जागीच ९१-९२ आहे, तो कड्याच्या टोकाशी उभा आहे. त्याच्या बाबतीत दाबातली तेवढीच घट सॅच्युरेशन ८५ च्या, कधी ८० च्याही खाली नेऊ शकते. ‘घरी तर ठीक असतं, विमानात काय होणार’ या म्हणण्यात ही गोष्ट निसटते.

आणि शरीर वेळेवर ओरडून सांगेल, याचीही खात्री नाही. १५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून गास्तों तिसांदिए, जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि तेओदोर सिवेल हे तिघे वर गेले. त्यांच्याजवळ ऑक्सिजनमिश्रित हवेच्या पिशव्या होत्या. ८,००० मीटरच्या आसपास हात उचलून त्या पिशव्यांची नळी तोंडाशी नेण्याचंही त्राण उरलं नाही. बलून खाली आलं तेव्हा एकटा तिसांदिए जिवंत होता. त्या अवस्थेत आपल्याला भीती वाटली नाही, उलट एक प्रकारचा आनंदच वाटत होता, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. या तिघांना मार्गदर्शन करणारा शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ मध्ये हवेच्या दाबावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि उंचीवर माणसाला जे होतं त्याचं मूळ ऑक्सिजनच्या घटलेल्या दाबात आहे हे प्रयोगांनी दाखवून दिलं. केबिनची उंची बलूनच्या मानाने काहीच नाही, हे खरं. पण ऑक्सिजन कमी पडला की आधी विचारशक्तीच मंदावते, आणि आपल्याला काय होतंय हे ज्याला होतंय त्यालाच कळत नाही, ही बाब आजही तीच आहे. म्हणून विमानात आजारी माणसाच्या ‘मला बरं वाटतंय’ या शब्दांपेक्षा बोटावरच्या ऑक्सिमीटरवर अधिक विसंबावं.

आपल्याकडे ऑक्सिजन लागणारी माणसं आहेत तरी कोण? सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करत नेणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, म्हटलं की सिगारेट डोळ्यांपुढे येते. पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला आणि कधीही धूम्रपान न केलेल्या माणसांतल्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधलं. चुलीचा धूर हे त्यातलं मोठं कारण. ज्या बाईने आयुष्यभर चुलीपुढे भाकऱ्या थापल्या, तिच्या फुप्फुसांचं नुकसान एखाद्या विडी ओढणाऱ्याइतकं होऊ शकतं. त्याशिवाय फुप्फुसं आकसत नेणारे आजार आहेत. त्यांची कारणं अनेक, आणि कबुतरांच्या विष्ठेशी वर्षानुवर्षं येणारा संपर्क हे त्यांतलं शहरी कारण. कोविडनंतर फुप्फुसांवर व्रण राहिलेलेही आहेत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, हा शब्द गावोगावच्या माणसांच्या तोंडी आला.

हीच माणसं आजी-आजोबाही आहेत. मुलगी न्यू जर्सीला, मुलगा लंडनला किंवा बंगळूरला. नातवाचं बारसं असतं, मुंज असते, कधी नुसतंच भेटायचं असतं. तिकिटाचा विषय निघाला की घरात दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतं, ऑक्सिजन लागला म्हणजे आता प्रवास संपला. दुसरं म्हणतं, काही होत नाही, झोपून जायचं, उठलं की पोचलेलो असतो. मला दोन्ही मतं सारखीच चुकीची वाटतात, कारण दोन्हींत मोजलेलं काहीच नसतं. विमानात कुणाला ऑक्सिजन लागेल, किती लागेल आणि किती वेळ पुरवावा लागेल, या तिन्ही गोष्टी जमिनीवरच मोजता येतात.

मोजायची सुरुवात साध्या ऑक्सिमीटरने होते. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या जुन्या मार्गदर्शनात एक ढोबळ विभागणी होती, आणि ती आजही अनेक डॉक्टरांच्या मनात असते. बसल्या जागी, बाहेरचा ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९५ च्या वर असेल तर सहसा काळजी नाही. ९२ च्या खाली असेल तर विमानात ऑक्सिजन लागणारच. मधल्या पट्ट्यात असेल आणि जोडीला फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पुढची तपासणी करावी. ही तपासणी म्हणजे हायपॉक्सिक चॅलेंज टेस्ट. रुग्णाला २० मिनिटं १५ टक्के ऑक्सिजनची हवा श्वासावाटे देतात आणि रक्तातला ऑक्सिजन पाहतात. त्याचा दाब ५० मिलिमीटर पाऱ्याखाली किंवा सॅच्युरेशन ८५ च्या खाली गेलं, तर विमानात ऑक्सिजन हवा. मग तपासणी चालू असतानाच नाकातल्या नळीतून ऑक्सिजन देऊन, किती दिला म्हणजे पुरतो हेही पाहता येतं. म्हणजे माणसाला विमानात न बसवता विमानात बसवून पाहण्यासारखंच आहे हे.

ही सोय आपल्याकडे गावोगावी नाही. मोठ्या शहरांतल्या फुप्फुसविकार विभागांत चौकशी करावी लागते. म्हणून होतं काय, की दवाखान्यात खुर्चीवर बसवून सॅच्युरेशन बघितलं जातं आणि ‘फिट टू फ्लाय’चं सर्टिफिकेट हातात पडतं. त्या खुर्चीची उंची ८,००० फूट नाही. निदान एवढा आग्रह धरावा, की डॉक्टरांनी चालायला लावून सॅच्युरेशन पाहावं, रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तपासावा, आणि पूर्वी कधी विमानात त्रास झाला होता का ते विचारावं. ऑक्सिमीटरचीही एक मर्यादा ध्यानात असू द्यावी. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की गडद त्वचेच्या रुग्णांत हे उपकरण प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवण्याची शक्यता अधिक असते. सावळ्या बोटावर ९२ दिसलं तर ते काठावरचं ९२ आहे असंच धरून चालावं.

गरज ठरली की पुढचा प्रश्न ऑक्सिजन न्यायचा कसा. घरचा सिलिंडर उचलून विमानात नेता येत नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या वस्तूला तो भडकवतो. ११ मे १९९६ रोजी मायामीहून अटलांटाला निघालेलं व्हॅल्यूजेट कंपनीचं डीसी-९ विमान फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत कोसळलं आणि आतले ११० जण गेले. दुसऱ्या विमानांतून काढलेले रासायनिक ऑक्सिजन जनित्रांचे डबे सुरक्षेच्या टोपणांशिवाय त्याच्या सामानकक्षात ठेवले होते. ते तापले, ऑक्सिजन सुटला आणि आगीने विमान गिळलं. तेव्हापासून विमानात ऑक्सिजन म्हटलं की नियमांचा हात आखडतो, आणि त्याला सबळ कारण आहे. द्रवरूप ऑक्सिजनला पूर्ण बंदी आहे. ५ किलोपर्यंतचा छोटा वैद्यकीय सिलिंडर आंतरराष्ट्रीय नियमांत बसतो, पण तोही विमान कंपनीने परवानगी दिली तरच. बऱ्याच कंपन्या ती देत नाहीत, आणि अमेरिकेत प्रवाशाला स्वतःचा सिलिंडर केबिनमध्ये नेताच येत नाही. काही कंपन्या आपल्या सिलिंडरमधून पैसे घेऊन ऑक्सिजन पुरवतात, काही मुळीच पुरवत नाहीत. डोक्यावरून खाली येणारे पिवळे मास्क या कामाचे नाहीत. ते केबिनचा दाब गेला तर वैमानिक विमान खाली आणेपर्यंतची काही मिनिटं भागवण्यासाठी असतात.

म्हणून उरतो तो पोर्टेबल ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. या यंत्रात ऑक्सिजन साठवलेला नसतोच, त्यामुळे सिलिंडरची भीती त्याला लागू होत नाही. ते केबिनमधलीच हवा आत घेतं आणि तिच्यातला नायट्रोजन बाजूला काढतं. हे काम करतो झिओलाइट नावाचा सूक्ष्म छिद्रांचा खनिज पदार्थ, बारीक दाण्यांच्या रूपात. हवा दाबाखाली त्या दाण्यांतून ढकलली की नायट्रोजनचे रेणू आतल्या विद्युतभारांकडे ओढले जाऊन चिकटतात आणि ऑक्सिजन पुढे निघून येतो. दाण्यांची नळी भरली की दाब सोडून देतात, नायट्रोजन सुटून बाहेर जातो आणि नळी पुन्हा तयार. अशा दोन नळ्या पाळीपाळीने काम करतात. यंत्रातून येणारी लयबद्ध घरघर आणि सुस्कारा म्हणजे हाच दाबाचा चढउतार. चार्ल्स स्कारस्ट्रॉम या अमेरिकी तंत्रज्ञाला या पद्धतीचं पेटंट १९६० मध्ये मिळालं. हवेतला एक टक्का आर्गॉन मात्र ऑक्सिजनबरोबरच पुढे येतो, त्यामुळे शंभर टक्के शुद्ध ऑक्सिजन या यंत्रातून कधीच मिळत नाही. ९० टक्क्यांच्या आगेमागे मिळतो, आणि उपचाराला तो पुरेसा असतो.

आता ज्या गोष्टीपाशी सर्वांत जास्त घोटाळा होतो, तिच्यापाशी थांबतो. घरचं ५ लिटरचं यंत्र १५-२० किलोचं असतं आणि मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन अखंड सोडत राहतं. खांद्याला अडकवायचं २-३ किलोचं यंत्र तसं करू शकत नाही. ते मिनिटाला साधारण एक लिटर किंवा त्याहून थोडाच जास्त ऑक्सिजन तयार करतं. मग ते भागवतं कसं? श्वास आत घेतल्याची चाहूल लागली की त्याच क्षणी ते ऑक्सिजनचा एक छोटा झोत सोडतं आणि श्वास बाहेर पडताना थांबतं. श्वासाच्या सुरुवातीचा भागच फुप्फुसाच्या खोल कप्प्यांपर्यंत पोचतो, म्हणून ही काटकसर बहुतेकांना चालते. याला पल्स डोस म्हणतात. पण त्यावर लिहिलेला ‘२’ हा आकडा दोन लिटर नसतो. तो नुसता पायरीचा क्रमांक असतो, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत त्याच क्रमांकाला वेगवेगळा ऑक्सिजन मिळतो. घरी दोन लिटरवर असलेल्या माणसाला ‘२’ वर ठेवलं म्हणजे हिशेब जुळला, असं दुकानदार सांगतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

पल्स डोसच्या आणखी दोन अडचणी आहेत. धाप लागून श्वास जलद झाला की काही यंत्रांत मिनिटाचा तोच साठा जास्त श्वासांत वाटला जातो आणि प्रत्येक झोत लहान होत जातो. म्हणजे गरज वाढते नेमकी तेव्हाच प्रत्येक श्वासाला मिळणारा वाटा घटतो. दुसरी अडचण झोपेची. झोपेत श्वास उथळ होतो, तोंड उघडं राहतं, नाकातली हालचाल यंत्राला जाणवत नाही आणि झोत सुटत नाही. मुंबईहून न्यूयॉर्कच्या प्रवासात माणूस झोपणार हे तर ठरलेलंच. रात्रभर अखंड ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठी सतत प्रवाह देणारी पोर्टेबल यंत्रं आहेत. ती ४-५ किलोंच्या पुढे जातात, मिनिटाला दोन-तीन लिटरच्या वर देत नाहीत आणि बॅटरी भराभर संपवतात. ज्याला त्याहून जास्त लागतो, त्याच्यासाठी नेहमीच्या विमानप्रवासाचा विचार डॉक्टरांबरोबर बसून पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

म्हणून यंत्र विकत वा भाड्याने घेतल्यावर ते थेट विमानतळावर नेऊ नये. घरी दिवसभर त्याच यंत्रावर, बॅटरीवर राहून पाहावं. चालावं, जेवावं, आणि एक रात्र त्यावर झोपावं, शेजारी कुणीतरी जागं राहून सॅच्युरेशन लिहून काढावं. कोणती पायरी बसताना, कोणती चालताना आणि कोणती झोपेत, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. विमानात यावर आणखी किती वाढवायचं तेही त्यांनीच सांगायचं. घाबरून आपल्या मनाने पायरी चढवणं सीओपीडीच्या काही रुग्णांना घातक ठरतं, कारण ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त झाला की त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुंगी येते. अशांचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ दरम्यान ठेवणं हेच उद्दिष्ट असतं. सोबतच्या नातेवाइकाला ९९ दिसलं की समाधान वाटतं, पण ते समाधान इथे चुकीचं असतं.

आज ही यंत्रं विमानात सहज दिसतात, पण तो हक्क आपसूक मिळालेला नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २००५ मध्ये पहिल्यांदा दोन यंत्रांना नावानिशी परवानगी दिली. तरीही प्रवाशाला यंत्र वापरू द्यायचं की नाही हे कंपनीच्याच मर्जीवर होतं. २००९ पासून तिथल्या नियमाने ते बंधनकारक केलं, आणि अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या विमानांनाही ते लागू केलं. २०१६ मध्ये नावांची यादी बंद झाली. निकष पाळणाऱ्या यंत्रावर निर्मात्याने लाल अक्षरांत तसं प्रमाणित करणारी पट्टी लावायची, अशी पद्धत आली. आपल्याकडे यंत्र घेताना ही पट्टी डोळ्यांनी पाहून घ्यावी. कोविडच्या काळात बाजारात नाना बनावटीची यंत्रं आली, आणि पट्टी नसलेलं यंत्र विमानतळावर अडवलं जाऊ शकतं. आधीपासूनच मंजूर यादीत असलेली काही जुनी यंत्रं पट्टीशिवायही चालतात, पण त्यासाठी कंपनीची यादी आणि यंत्राचा मॉडेल क्रमांक ताडून पाहावा लागतो.

बॅटरीचा हिशेब कंटाळवाणा वाटतो, पण प्रवास निभावतो तो त्याच्यावर. विमान कंपन्या सहसा उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट पुरेल इतकी बॅटरी मागतात. मुंबई ते न्यूयॉर्क थेट उड्डाण १६ तासांचं धरलं तर २४ तास झाले. तुमच्या पायरीवर एक बॅटरी चार तास चालत असेल तर सहा बॅटऱ्या हव्यात. माहितीपत्रकात छापलेला तासांचा आकडा बहुधा सर्वांत खालच्या पायरीचा आणि नव्या बॅटरीचा असतो. दोन वर्षं वापरलेली बॅटरी तितकी टिकत नाही. घरी घड्याळ लावून प्रत्येक बॅटरी संपेपर्यंत चालवून पाहणं हाच खरा मार्ग. शिवाय घरापासून विमानतळापर्यंतची वाहतूक, आत गेल्यावरचे तीन तास, विमान उशिरा सुटलं तर तो वेळ, आणि उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, हे सगळं उड्डाणाच्या वेळेबाहेरचं आहे. सीटजवळच्या प्लगवर अवलंबून राहू नये. त्याची क्षमता मर्यादित असते, तो कधी बंद असतो, आणि त्यावर यंत्र चालेल अशी हमी कंपनी देत नाही. विमानतळावर मात्र प्लग मिळेल तिथे यंत्र लावून बॅटरी वाचवावी.

या बॅटऱ्या लिथियमच्या असतात. सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकायच्या नाहीत, हातातल्या सामानातच न्यायच्या, आणि प्रत्येकीची टोकं झाकून, वेगळ्या पिशवीत. मर्यादा वॅट-अवरमध्ये मोजतात. १०० पर्यंतच्या बॅटऱ्या चालतात, १०० ते १६० पर्यंतच्या सुट्या दोनच आणि कंपनीच्या संमतीने, १६० च्या वर नाही. आकडा छापलेला नसेल तर व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करायचा. १४.४ व्होल्ट गुणिले ६.८ म्हणजे जवळपास ९८. बऱ्याच निर्मात्यांनी मोठी बॅटरी शंभराच्या जेमतेम आत का बसवलेली असते, ते यावरून ध्यानात येईल.

कागदपत्रांचं काम तिकीट काढण्याआधी सुरू करावं. कंपनीच्या मदत कक्षाला यंत्राचं नाव आणि मॉडेल सांगून, चालेल का, आणि चालणार असेल तर कोणते कागद लागतील, हे ईमेलवर लेखी मागवावं. फोनवरचं आश्वासन काउंटरवर दाखवता येत नाही. बहुतेक कंपन्यांना निदान ४८ तास आधी कळवावं लागतं, आणि डॉक्टरांनी भरलेला मेडिफ नावाचा वैद्यकीय फॉर्म लागतो. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल तर प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या कंपनीचे नियम पाहायचे. मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्प्यांसाठी स्वतंत्र चौकशी करायची. व्हीलचेअर मागवायला संकोच करू नये. मोठ्या विमानतळावर दारापासून गेटपर्यंतचं चालणं हा पुष्कळदा अख्ख्या प्रवासातला सर्वांत दमवणारा भाग असतो.

सुरक्षा तपासणीत यंत्र क्ष-किरणातून जाऊ शकतं. काही मिनिटंही ते काढता येणार नसेल तर जवानाला आधीच सांगावं, म्हणजे हाताने तपासणी होते. आपत्कालीन दाराजवळची जागा मिळणार नाही. खिडकीजवळची घ्यावी, नळी कुणाच्या पायात येत नाही. यंत्र पुढच्या सीटखाली, हवेची जाळी मोकळी राहील असं ठेवायचं. बॅगा-पांघरुणांनी जाळी झाकली की यंत्र तापतं आणि बंद पडतं. इंजिनाच्या आवाजात यंत्राचा अलार्म ऐकू येत नाही, म्हणून सोबतच्या माणसाने दिवे आणि खुणा ओळखायला शिकून घ्यावं. स्वच्छतागृहात जाताना लोक नळी काढून ठेवतात. ती चूक आहे, कारण उठून चालल्यावर सॅच्युरेशन सर्वांत जास्त उतरतं. यंत्र खांद्याला लावूनच जावं. केबिनची हवा फार कोरडी असते आणि नळीने नाक आणखी सुकतं. त्यावर व्हॅसलिन किंवा तेल लावू नये. ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतात. पाण्याच्या आधाराचं जेल चालतं.

काही जणांनी मात्र थांबावं. छातीत हवा साठून फुप्फुस मिटलेलं असेल, म्हणजे न्यूमोथोरॅक्स असेल, तर विमान वर्ज्य. ८,००० फुटांवर बंदिस्त हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते आणि तिला जायला जागा नसते. एक्स-रेमध्ये फुप्फुस पूर्ण उघडल्याचं दिसून, त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस जाऊ द्यावेत. संसर्गजन्य अवस्थेतला क्षय असेल तर प्रवास करायचा नाही, स्वतःसाठी आणि शेजारच्यांसाठीही. दमा किंवा सीओपीडी नुकताच उसळून शांत झाला असेल, तर तारीख पुढे ढकलण्याचे पैसे भरावेत. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१३ साली आलेल्या एका मोठ्या पाहणीत विमानातल्या वैद्यकीय अडचणींपैकी सुमारे १२ टक्के श्वसनाच्या होत्या. चक्कर-बेशुद्धीच्या खालोखाल त्यांचाच क्रमांक होता.

जायचं कुठे आहे, याचाही विचार उड्डाणाइतकाच करावा लागतो. लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. तिथे विमानाचं दार उघडल्यावर केबिनपेक्षाही विरळ हवा मिळते, आणि ती दोन तासांत संपत नाही. बऱ्याच पोर्टेबल यंत्रांची निर्मात्याने दिलेली मर्यादा १०,००० फुटांची असते. म्हणजे रुग्ण आणि यंत्र दोघेही आपल्या कुवतीबाहेर जातात. अशा जागी ऑक्सिजनवरच्या माणसाला नेऊ नये, हे मी स्पष्टच सांगेन. न्यू जर्सीला ही अडचण नाही, पण विजेची आहे. भारतात घेतलेलं घरचं मोठं यंत्र २३० व्होल्टवर चालतं आणि तिथल्या प्लगमधून १२० व्होल्ट येतात. पोर्टेबलचा अडॅप्टर बहुधा दोन्हींवर चालतो, त्यावर १०० ते २४० असं लिहिलेलं आहे का ते वाचून घ्यावं. रात्रीच्या अखंड ऑक्सिजनसाठी मोठं यंत्र तिथेच भाड्याने घ्यावं लागेल. तिथे त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि यंत्र पाहुणा पोचण्याआधी घरी येऊन पडलेलं असावं. परतीच्या मेडिफचीही तिथूनच तजवीज लागते. मुंबईत भरलेला फॉर्म सहा महिन्यांनी चालत नाही, आणि त्या सहा महिन्यांत फुप्फुसं कुठे पोचली आहेत हेही नव्याने मोजायला हवं. म्हणून जाण्याआधीच मुलांनी तिथल्या फुप्फुसविकार तज्ज्ञाची, परतीच्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीची वेळ घेऊन ठेवावी.